तीनदा अडतीस

दुपारी तीनला तापमानाच्या तक्त्यात शिवांगीचा आकडा आला, अडतीस. दोनलाही अडतीस होता, एकलाही. करोल बागेतल्या या चार मजली घरात गच्चीवरची खोली तिची. मे महिन्यात तिथला पारा दोन तास एका जागी बसेल, हे मला पटेना.

आम्ही दहाजणी यूपीएससीवाल्या, सगळ्या महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही खोल्यांची तापमानं लिहून ठेवत होतो, तेव्हा चौघींना भोवळ आली. जुळवून पाहिलं तर चौघींच्याही खोल्या चाळिसाला टेकलेल्या किंवा वर गेलेल्या. तोच तक्ता दाखवून घरमालकाकडून तळमजल्यावरचा हॉल आणि कूलर मिळवला. नियमही आम्हीच केला: दर तासाला प्रत्येकीने आपल्या खोलीचा आकडा लिहायचा, चाळीस झाले की खोली सोडून खाली यायचं. तक्ता माझ्याकडे, म्हणून सगळ्या मला हवामान खातं म्हणायच्या. मलाही ते आवडायचं.

शिवांगीला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मी धावतच जिने चढले. दार आतून लावलेलं असलं तर?

दार नुसतं लोटलेलं होतं. शिवांगी पुस्तकांवरच आडवी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. भिंतीवरच्या तापमापकात त्रेचाळीस.

"शिवांगी! अगं ऊठ ना यार!"

माझं ओरडणं ऐकून खालच्या मजल्यावरून हेमांगी आली. दोघींनी तिला कसंबसं हॉलमध्ये उतरवलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"खरं लिहिलं असतं तर तू खाली बोलावलं असतंस, अक्षता," ती पुटपुटली. "प्रीलिम्स आठ दिवसांवर... इथे कूलरच्या घरघरीत काय वाचणार?"

मला संताप आला आणि रडूही आलं. हेमांगी तिच्याबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समधून गेली. मी ग्रुपवर लिहिलं, 'आत्ताच्या आत्ता तापमापकाचा फोटो पाठवा.'

मग फोटो येऊ लागले. एक्केचाळीस. बेचाळीस. पुन्हा एक्केचाळीस. तक्त्यात मात्र सगळ्या खोल्या अडतीस-एकोणचाळीस. म्हणजे या घरात कुठल्याही दारामागे कोणीही अशीच पडलेली सापडली असती.

'सगळ्या खाली या,' मी लिहिलं.

"आणि तुझा फोटो?" सगळ्यांत आधी खाली आलेल्या सुनीतीने विचारलं.

माझ्या खोलीत दुपारपासून चाळीस होते. मी एकोणचाळीस लिहीत होते.