मोटर थोड्या वेळात सुरू होईल

विहिरीत माणूस उतरला की तारेत वीज नसलीच पाहिजे, एवढं बदनापूरच्या शिवारात शेंबड्या पोरालाही कळतं. वामनच्या घरी तर त्याची रीतच होती. जुन्या लाकडी फळीवर चिनी मातीचे तीन फ्यूज होते. वामन विहिरीत उतरायचा तेव्हा तिन्ही उपसून बायकोच्या हातात द्यायचा. प्रेमला ते पदराच्या टोकाला बांधायची आणि काठावर बसून राहायची. नवरा वर येऊन पाय पुसेपर्यंत ती गाठ सुटत नसे. वीज आली काय, गेली काय, तिला सोयरसुतक नव्हतं. वीज तिच्या पदरात बांधलेली असायची.

आता ती फळी गेली आणि खांबाला एक पांढरी पेटी आली. पेटीत सिमकार्ड, फोनवर बटण. घरी खाटेवर लोळत बोट दाबा, इकडे मोसंबीला पाणी सुरू. वर ती पेटी तुम्हाला फोन करून, शहरातल्या शिकलेल्या बाईच्या आवाजात सगळी खबर देणार.

पेटी वाईट होती असं तरी कसं म्हणावं? मुलाच्या, अपूर्वच्या मागे लागून प्रेमलानंच ती बसवून घेतली होती. रातपाळीची वीज असली की वामन थंडीत, काट्याकुट्यातून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचा. एकदा फळीखाली नाग वेटोळं घालून बसलेला निघाला, तेव्हा प्रेमलानं अपूर्वला फोनवर रडून सांगितलं, "कायबी कर, पण तुझ्या बापाचं रातीचं जाणं बंद कर." अपूर्व जालन्याला एका बियाणं कंपनीच्या कचेरीत नोकरीला. गुणी पोरगा. त्यानं पुढच्याच सुट्टीत पेटी आणली, स्वतः उभं राहून बसवली आणि आसपासच्या शेतांतून अशा पेट्या चोरीला जातात म्हणून तिच्यावर लोखंडी पिंजरा ठोकून कुलूप घातलं. किल्ली घरी खुंटीला अडकवली. पेटी उघडायचं कामच कुणाला पडणार होतं? सगळं तर फोनवर.

त्या दिवशी मात्र काम पडलं. पाणबुडी मोटर आदल्या दिवसापासून सुरू होऊन बंद पडत होती. तारेचा पाण्यातला जॉइंट खराब झाला असणार, हे वामननं ओळखलं. मे महिना, विहिरीला कमरेएवढंच पाणी. साखळी लावून मोटर वर ओढण्यापेक्षा खाली उतरून जॉइंट बांधणं सोपं होतं. दुपारची वेळ, वीज गेलेली. वामननं सदरा काढून काठावर ठेवला, फोनवर बोट फिरवलं आणि तो फोन प्रेमलाच्या हातात दिला.

"हे घे. ऑटो बंद केलंय. लाइट आली तरी मोटर चालू व्हायची न्हाई."

"आन् फ्यूज?"

"ह्योच फ्यूज समज," वामन हसून म्हणाला. "पदरात बांधायचा आसंल तर बांध."

प्रेमलाला हसू आलं नाही. फोन हातात घेऊन तिला काहीच धरल्यासारखं वाटेना. फ्यूज हातात असले की वीज आपल्या हातात आहे हे समजायचं. ह्या काचेच्या तुकड्यात काय बंद आहे आणि काय चालू, हे तिला कोण सांगणार?

"अहो, म्या घरून किल्ली घेऊन येते ना. पेटी उघडून सगळंच बंद करू."

"तू जाऊन येस्तोवर माझं काम उरकतंय. उगं भेऊन राह्यली तू."

असं म्हणून तो लोखंडी कड्यांवरून उतरलाही. प्रेमलानं फोन त्याच्या सदऱ्यावर ठेवला, दोरीला बादली बांधून पक्कड, चाकू आणि चिकटपट्टी खाली सोडली. बादली वर आली ती गाळानं माखलेली. दोरीही तशीच. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाचे झाले. खाली वामन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जुनी पट्टी सोलत होता. वरून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. त्या टकलाकडे बघत प्रेमला देवाचं नाव घेत बसली.

तेवढ्यात सदऱ्यावर ठेवलेला फोन वाजला. तिनं दचकून बोटाच्या पेरानं कसाबसा उचलला. पेटीतली बाई बोलत होती, अगदी गोड.

"नमस्कार. तीन फेज वीजपुरवठा आला आहे. ऑटो बंद आहे. मोटर सुरू होणार नाही."

प्रेमलानं विहिरीत तोंड घालून हाक मारली. "अहो, लाइट आली! वर या जल्दी!"

"मोटर बंद हाय म्हनली का न्हाई ती?"

"म्हनली. पन तुमी वर या."

"मंग काय तर! तिन्ही तारा उघड्या केल्यात म्या. पीळ मारायचा राह्यलाय निस्ता."

नवरा ऐकत नाही म्हटल्यावर बायको काय करणार? ती पेटीपाशी गेली. पिंजऱ्याच्या गजांतून आतला हिरवा दिवा दिसत होता. तिनं कुलूप ओढून पाहिलं, हिसडून पाहिलं. गजांतून दोन बोटं आत गेली, बटणापर्यंत काही पोचली नाहीत. मुलानं चोरासाठी केलेला बंदोबस्त आईलाही तितकाच भारी पडला. ती परत काठावर आली. निदान ती बाई 'सुरू होणार नाही' म्हणाली होती. प्रेमलानं तेच मनात घोळवायला घेतलं, पण मन कुठं ऐकतं?

फोन पुन्हा वाजला.

"नमस्कार. मोटर सुरू करण्याची सूचना मिळाली आहे. मोटर थोड्या वेळात सुरू होईल. थांबवण्यासाठी दोन दाबा."

प्रेमलाला आधी अर्थच लागेना. कुणी दिली सूचना? वामन तर खाली होता. तिनं फोनला बोटही लावलं नव्हतं. की लागलं होतं? चिखलाचं बोट कुठं पडलं होतं का? आपल्याच हातून झालं का हे?

"बाई, थांब! माझं मानूस आत हाय!" ती फोनमध्ये ओरडली. "बाई, ऐक ना!"

बाई ऐकत नव्हती. तिला कान नव्हतेच, नुसतं तोंड होतं. तिनं तेच गोड वाक्य पुन्हा म्हटलं. प्रेमलानं फोन कानापासून काढला. उन्हात काच काळी दिसत होती. आकडे उगवले, तिनं दोनवर बोट दाबलं, काचेवर गाळाचा फराटा उमटला. पुन्हा दाबलं. पदराला बोट पुसून पुन्हा दाबलं, तर पदरही ओला. काचेवर सगळा राडा झाला आणि त्या राड्यामागे आकडे नाहीसे झाले. बाईनं फोन ठेवून दिला होता.

"सोडा! सोडा ती तार! मोटर चालू होऊन राह्यली!"

विहिरीनं तिचा आवाज गिळून नुसता घुमारा करून टाकला. वामननं मान वर केली. दोन्ही हातांत तारेची उघडी टोकं तशीच.

"काय म्हनतीस?"

"सोडा! तार सोडा!"

"आगं, झालंच! कामून वरडून राह्यली?"

त्यानं मान खाली घातली. वीज आल्यावर पेटी जराशी थांबायची, मग आत खट्ट वाजायचं, आणि मग पाणी. ते खट्ट आता केव्हाही वाजणार होतं. तिला एकदम तो पाण्यावर पालथा दिसला. अगदी स्पष्ट दिसला. उघडी पाठ आणि ते टक्कल. ती किंचाळलीसुद्धा नाही, तिच्या तोंडून नुसती हवा निघाली.

मोसंबीच्या वाळक्या फांद्या तोडायची कुऱ्हाड बांधावर पडलेली होती. पेटीतून निघालेली काळी केबल तिच्या पायांसमोरून काठाकडे गेली होती. प्रेमलानं काही विचार केला असं म्हणणं खोटं होईल. विचार करायला तिच्यापाशी वेळच नव्हता. तिनं कुऱ्हाड उचलली आणि केबलवर घातली.

पहिला घाव निसटून दगडावर बसला. हात झिणझिणले. दुसऱ्या घावाला वरची काळी साल फाटली आणि आतले रंग दिसले. चिखलानं दांडा हातातून सटकत होता. तिनं तो छातीशी आवळून धरला, पाय फाकवून उभी राहिली आणि तिसरा घाव अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून घातला. केबल तुटून दोन्हीकडे उडाली. प्रेमला तोल जाऊन मागे बसली.

आणि पेटीत खट्ट वाजलं.

तुटलेल्या टोकातून निळी ठिणगी उडाली. वाळलं गवत चरचरलं, धूर निघाला. जळक्या रबराचा वास नाकात गेला. केबलचं ते टोक तिच्या पावलांपासून हातभर लांब होतं. ती सरपटत मागे गेली. थोड्या वेळानं पेटीला कळलं असावं की पुढे मोटरच नाही. आत परत खट्ट वाजलं आणि हिरव्याच्या जागी लाल दिवा लागला.

विहिरीतून काहीच आवाज येईना. काठावर जाऊन वाकून बघायचं तिला धैर्य होईना. ती बसल्या जागी, डोळे मिटून, कुऱ्हाड छातीशी धरून राहिली. बघितलं नाही तोवर तो जिवंत होता.

"प्रेमला!" खालून आवाज आला. त्रासलेला, रोजचा. "आगं, केबल कामून वढली? जॉइंट सुटला ना माझा!"

तिच्या घशातून जे निघालं ते रडणं होतं की हसणं, हे तिलाही कळलं नाही.

वामन कड्या चढून वर आला तेव्हा चांगलाच चिडलेला होता. तुटकी केबल बघून तर त्याचं डोकंच सणकलं. "येडी झाली का तू? नवीकोरी केबल..." मग त्याला गवतातला काळा डाग दिसला. त्यातून अजून धूर निघत होता. त्याची नजर डागावरून पेटीच्या लाल दिव्याकडे गेली, तिथून स्वतःच्या दोन्ही तळहातांवर आली. तो हळूच खाली बसला. बराच वेळ ओल्या चड्डीनिशी तसाच मातीत बसून राहिला. रणरणत्या उन्हात त्याचे दात वाजत होते.

"कुनी चालू केली?" त्यानं विचारलं.

"म्या न्हाई. देवाशपथ, म्या बिलकुल हात न्हाई लावला."

फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे नुसते बघत राहिले. उचलायची कुणाची छाती होईना. शेवटी वामननं चिखल पुसला. बाई नव्हती, अपूर्व होता. वामननं बोट दाबलं तसा त्याचा आवाज शिवारात खणखणीत ऐकू आला.

"अण्णा, लाइट आली ना? मला मेसेज आल्ता. बघतो तर तुमी ऑटो बंद करून ठेवलेलं. म्हनलं इसरले असतील, म्हनून म्या इथूनच चालू केली. येऊन राह्यलं का पानी?"

प्रेमलाचा लेक. कचेरीत काम करता करता त्यानं बापाच्या झाडांची आठवण ठेवली होती, बस, एवढंच केलं होतं.

वामननं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. सांगू नको, असं. मग तो घसा साफ करून म्हणाला, "येऊन राह्यलं बाबा. लय जोरात येऊन राह्यलं."

"मंग बराबर. अण्णा, तुमी बिनधास्त घरी जात जा ना, म्या बघत जाईन इथून..."

प्रेमलानं फोन हिसकावून घेतला. लेकराचं मन राखायचं म्हणून आज गप्प बसावं आणि उद्या पुन्हा विहिरीच्या काठावर बसावं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"अपूर्व, खोटं बोलून राह्यले ते. तुझे अण्णा विहिरीत व्हते. जॉइंट सोडून, उघड्या तारा दोन्ही हातांत धरून. म्या कुऱ्हाडीनं केबल तोडली, म्हनून हाईत."

पलीकडे कचेरीत कुणीतरी चहावरून हसत होतं, तेवढं ऐकू येत राहिलं.

"आई, अण्णाचा आवाज ऐकव."

"आत्ता ऐकला ना रे?"

"परत ऐकव."

वामन फोनकडे वाकला. "हाय रे मी. कायबी झालं न्हाई. तुझ्या जागी म्या असतो तर म्याबी चालूच केली असती."

अपूर्व लहानपणी बोलायचा तसा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अण्णा, तुमी काठापासून लांब व्हा आधी. दोघंबी."

"झालो लांब. ठेव आता फोन, काम कर तुझं."

"न्हाई ठेवू शकत." त्याचा आवाज फुटला. "ते बटन ह्याच फोनवर हाय, अण्णा. कट करायला गेलो आन् बोट भलतीकडंच पडलं तर? माझा हात लय थरथरून राह्यलाय."

वामननं फोन बांधावर दगडाला टेकवून ठेवला आणि त्याच्याजवळ बसला. प्रेमलाही बसली. तिकडे जालन्यात अपूर्व फोन टेबलावर ठेवून, हात मांडीखाली दाबून रडत होता. ऊन उतरू लागलं, तरी तिघांपैकी कुणीही फोनला बोट लावलं नाही.