दांडीचा प्रसाद

राजेंद्रच्या हनुवटीवरून चहा ओघळून बनियनवर पडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. दर्शनाने पदराने पुसलं तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं.

"ओठाला कळत नाय?" तिने विचारलं.

"बधिर झालाय जरा. उतरंल." निम्मे शब्द गालातच राहिले.

आदल्या संध्याकाळी होळीच्या माळावर पालखी नाचवताना मागच्या खांदेकऱ्याचा पाय घसरला, पालखी गर्रकन फिरली आणि दांडीचं पितळी टोक राजेंद्रच्या जबड्यावर बसलं. शिमग्यासाठी मुंबईहून रजा काढून आलेला माणूस अख्ख्या वाडीसमोर आडवा झाला. उठला तो मात्र हसतच. कुणी अंगारा लावला. शेजारच्या यमुनाबाईंनी हळद-चुन्याचा लेप कुडाला गिलावा करावा तसा थापला. "देवाच्या दांडीचा मार भाग्यवंतालाच मिळतो," त्या म्हणाल्या. या भाग्यावर लगेच सगळ्यांचं एकमत झालं. नळाला पाणी कधी सोडावं यावर वाडीचं आजवर एकमत झालेलं नाही.

सकाळी राजेंद्रने पुरणपोळीचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ नुसता घोळवला. दर्शनाने त्याला दात मिटायला लावले. डावीकडे दातावर दात बसले, उजवीकडे फट राहिली. लग्नापासून ती ते दात बघत आलेली. अशी फट कधी नव्हती. तिने उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला.

"दात जुळत नाहीत आणि ओठ बधिर? मग जबडा मोडलाय असंच धरून चाला," सिस्टर म्हणाल्या. "चोळू नका, काही चावायला देऊ नका, तो चुना धुऊन टाका. आजच रत्नागिरीला न्या. हाड वाकडं जुळलं तर परत मोडून बसवायची पाळी येते. आणि उलटी झाली, गुंगी आली, एकाचे दोन दिसायला लागले, तर मग कुणाला विचारत बसू नका."

दर्शनाने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. शब्दही गाळला नाही.

"दुपारी पालखी आपल्या दारात येणार," राजेंद्र म्हणाला. "आणि मी घरात नाय? लोक काय म्हणतील? वर देवाचा मार डाक्टरला दाखवायचा, म्हणजे देवावर केस केल्यासारखं."

"केस नका करू. जबड्याचा फोटो तेवढा काढून घ्या."

"मुंबईला गेल्यावर काढीन."

"तोवर हाड थांबलंय तुमच्यासाठी. त्यानं पण रजा टाकली असंल."

राजेंद्र हसायला गेला आणि कळवळला. तिने मग कुणाला न विचारता बाबल्याची रिक्षा बोलावली. बाबल्या आला, पडवीत बसला, "पालखी झाल्यावर जाऊ ना, वैनी, देव काय रोज येतो का दारात," म्हणाला आणि पोळी खायला लागला. तिसरी पोळी वाढताना दर्शनाच्या मनात आलं, की या वाडीत शहाणपण असलेलं एकच काहीतरी आहे, ते म्हणजे नवऱ्याचा जबडा. दुखतंय म्हणून तो निदान स्पष्ट सांगत होता. तेवढ्यात यमुनाबाईंनी ताजा चुना पाठवला. तो तिने माडाच्या मुळात ओतला.

दुपारी ढोल वाजत पालखी आली. दर्शनाने खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, देवाची ओटी भरली. चांदीच्या मुखवट्याला कुठे साधा पोचाही नव्हता. मानकरी काशीरामकाका नारळ हातात घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले. देवाकडे काय मागायचं ते घरधन्याने सांगायचं, काकांनी खड्या आवाजात देवाच्या कानावर घालायचं, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही पिढ्यांची रीत.

"बोल, राजेंद्रा. काय मागणं?"

राजेंद्रने तोंड उघडलं. अर्धंच उघडलं. "घआत... ओआबाआंना..." पुढे नुसती लाळ आली, आणि लाळेत लाल धागा.

काकांनी कान पुढे केला. पुन्हा तेच. ढोलवाले टिपरू उचलून खोळंबले. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि दर्शनाकडे वळले. "तू सांग गो."

तिने काही ठरवलेलं नव्हतं. सकाळपासून तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "ह्यांच्या मोडलेल्या जबड्याला आज, आत्ता, डाक्टरचा हात लागू दे."

घरातून येईल ते देवाला सांगायचं, एवढंच काकांना ठाऊक. नारळ कपाळाला लावून त्यांनी सूर धरला, "हे गावच्या राखणदारा म्हाराजा, ह्या घराचा धनी आज, आत्ता, डाक्टरकडं निघालाय, त्याची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका दमात म्हणाली. बाबल्याही.

"आणि दांडीच्या टोकांना जाड कापड बांधा," दर्शना घाईघाईने म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं तोंड फुटायला नको."

काकांनी तेही गाऱ्हाण्यात घातलं. या वेळचं "व्हय म्हाराजा" मध्येच बारीक झालं, कारण आपण कशाला होकार देतोय ते एव्हाना लोकांच्या लक्षात आलं होतं.

काकांनी नारळ खाली घेतला आणि तिच्याकडे तिरकं बघितलं. "झालं. देवासमोर कबूल केलंय, आता फिरवता येत नाय. बाबल्या, रिक्षा काढ."

राजेंद्रने देवाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. कुणीच वाचवेना, तसा मुकाट रिक्षात जाऊन बसला.

फोटोत जबड्याला दोन जागी तडा निघाला. "कालच यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. दर्शनाने ते भिंतीकडे बघत ऐकलं. नवऱ्याकडे बघितलं असतं तर दवाखान्यात शोभणार नाही असं काही बोलली असती. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत पातळ पेज, तीही नळीने ओढून.

दुसऱ्या दिवशी बाबल्या दवाखान्यात पेजेचा डबा घेऊन आला आणि बातमीही. दांडीला यमुनाबाईंचं जुनं लुगडं बांधलं होतं, पण पुढच्या वाडीत पोरांनी सोडून टाकलं. "व्हिडिओत पितळ दिसत नाय म्हणून."

दर्शनाने डोक्याला हात लावला. राजेंद्रने मात्र हात पुढे करून फोन मागितला. वाडीच्या ग्रुपवर बांधल्या दातांतून, रागाने, काहीतरी बोलून त्याने पाठवून दिलं. लगेच उत्तर आलं, "काय बोलतोस? नीट बोल."

तिने फोन काढून घेतला.

"ते म्हणतायत, कापड आत्ता बांधा," ती फोनमध्ये म्हणाली. "देवासमोर व्हय म्हाराजा कोण कोण म्हणालं ते मी ऐकलंय. एकेकाच्या घरी येऊन विचारीन."

तिने फोन खाली ठेवला. पेजेचा ओघळ पुन्हा हनुवटीवर आला होता. ओठाला अजून कळत नव्हतंच. पण दर्शनाने टॉवेल उचललेला बघून राजेंद्रने आपणहून हनुवटी पुढे केली.