रुईच्या पानाखाली

"रावजीभाऊ, थांबा! तेल वतू नका!"

लंकाबाई गाभाऱ्याच्या दारातून ओरडली, पण रावजी गुरवाने वाटी उपडी केली होती. मारुतीच्या गळ्यातल्या रुईच्या माळेवरून तेल ओघळत होतं.

"ती माळ काढा. एका पानाखाली कोष हाय."

"हनुमान जयंतीला देवाची माळ उतरवू? लोक मारतील मला!"

"चैतालीचा हाय हो तो."

रावजीने माळ उतरवली.

लंकाबाई देवळासमोर रुईच्या माळा विकायची. चैताली तिची मुलगी, बीएस्सीला होती. दर शुक्रवारी म्हसरूळच्या माळावर आईबरोबर पानं तोडायला यायची आणि प्रत्येक पान उलटायला लावायची. "बिबळ्या कडव्याची अळी रुईचा चीक पचवून कडू होते, आई. म्हणून पुढे त्या फुलपाखराला पाखरं खात नाहीत."

"मग तुझ्या आत्याला वाघ बी खायचा नाय," लंकाबाई म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

अंडी, अळी दिसली की ते पान सोडायचं. चैताली वहीत आकडे मांडायची: अंडी, अळ्या, कोष, उडाले. "काही नसलं तर शून्य लिहायचं. कोरं सोडायचं नाही."

दिवाळीत ती डेंग्यूने गेली. माळावर प्लॉट पडले. कुंपणाकडेला रुईचं एकच झुडूप उरलं, त्यावर एकच पट्टेरी अळी. लंकाबाई रोज तिला बघून यायची. मग एक दिवस अळी दिसेना. सरड्याने खाल्ली असणार. आता काय उलटून बघायचं, म्हणून काल तिने त्या झुडपाचीही पानं ओरबाडली.

माळ विकून झाल्यावर, आज सकाळी, जाऊ सुलाबाई सहज म्हणाली, "एका पानाला हिरवी कळी चिकटली व्हती. तशीच ओवली म्या." कळी नव्हे, त्या अळीचाच कोष; लंकाबाई तशीच देवळाकडे धावली होती.

आता उतरवलेल्या माळेतल्या कोषावरचं तेल तिने पदराने हलकेच पुसलं. कवच पारदर्शक झालं होतं. आत घडी घातलेले केशरी पंख दिसत होते. फुलपाखरू आजच निघालं असतं.

तिने ते पान दुकानाच्या छत्रीच्या काडीला बांधलं. गिऱ्हाइकं आली, गेली. उन्हं कलली तरी कोष हलला नाही.

"चला बाई," सुलाबाई हळूच म्हणाली.

घरी लंकाबाईने चैतालीची वही काढली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिसऱ्या रकान्यात तिने एक लिहिला. चौथा रकाना उडालेल्यांचा. तिथे तिने शून्य काढलं. त्याची दोन टोकं जुळली नाहीत.