ताई चक्क गोड बोलली

तेजूताई बाळंतपणाला सदाशिव पेठेत आमच्याकडे आली. एरवी ती माझी रोज सालटी काढते. परवा मी ऑफिसातून येताना केस लाल करून घरी आलो, तर म्हणाली, "छान दिसतायत."

मी हादरलो. आमची आई मात्र खूश. "मूल झाल्यावर शहाणी झाली बघ."

"शहाणी कसली, आजारी आहे ती!" मी ताईला सरळच विचारलं, "काय होतंय तुला?"

"काहीच होत नाही रे. बाळ रडतं, तेही शेजारच्यांचं वाटतं."

आई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणायला उठली.

"आई, आधी डॉक्टर!"

आई थांबली. "तुझ्या वेळी मलाही असंच व्हायचं. मला वाटलं, तू दिसायलाच तसा होतास म्हणून."

मग तिने बाळाला मांडीवर घेतलं. "जा, घेऊन जा तिला. आत्ताच."