एकेचाळिसाव्या मिनिटाला

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण या घरात मला 'डबा' म्हणतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण मी दिसतो तसाच. काळा, उभा, टेबलावर पडद्याच्या शेजारी बसवलेला, आणि डोक्यावर वीतभर जाळी. माझ्या पोटात काम चालू असले की उष्णता तयार होते आणि ती या जाळीतून वर निघून जाते. तसा मागच्या बाजूलाही एक पंखा आहे, पण टेबल अरुंद असल्यामुळे माझी पाठ कायम भिंतीला टेकलेली असते. म्हणजे श्वास सोडायला मला डोकेच काय ते मोकळे.

माझा जन्म एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी मला जोडले. एक भाग एका खोक्यातला, दुसरा दुसऱ्या खोक्यातला. त्यांनी सगळ्यांची तोंडे जुळवून दिली आणि शेवटचा स्क्रू पिळताना "चल, लाग कामाला" असे म्हटले. मी कामाला लागलो. ज्यांनी मला विकत घेतले ते या घरातले कर्ते गृहस्थ. ते इमारतींचे नकाशे काढत. जिने, न्हाणीघरे, खिडक्या, सगळे माझ्याकडून करून घेत आणि घरी आलेल्यांना सांगत, "हा आहे म्हणून माझं चाललंय." ते ऐकताना मला बरे वाटे, हे कबूल करतो.

पुढे त्यांना कार्यालयाने एक मांडीवर मावणारा संगणक दिला. माझ्यावर जुनी चादर आली. चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, मग छत्री आली, मग कोणाचा तरी एकच मोजा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे काम संपते त्याच्यावर कपडे ठेवले जातात, हे मी त्याच खोलीतल्या आरामखुर्चीच्या बाबतीतही पाहिले आहे.

चादर निघाली ती सूनबाईमुळे. सूनबाई म्हणजे या गृहस्थांची पत्नी. घरातले आजोबा तिला तसे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती पूर्वी एका रुग्णालयात रक्त तपासण्याचे काम करत असे. मुलगी झाली आणि काम सुटले, त्याला आठ वर्षे झाली. आता तिथे एक जागा रिकामी होती आणि तिला ती हवी होती. पण इतकी वर्षे बाहेर राहिलेल्यांना आधी एक परीक्षा द्यावी लागे. परीक्षा घरूनच, संगणकावर, तीन तासांची. कॅमेरा चालू, खोलीत दुसरे कोणी नाही, आणि पडदा दोन मिनिटांपेक्षा जास्त काळ काळा राहिला तर पेपर तिथेच संपला. वर्षात दोनच संधी. नवऱ्याच्या संगणकावर कार्यालयाच्या परवानगीशिवाय काही बसवता येत नव्हते. उरलो मी.

सरावाला बसली त्या पहिल्याच दिवशी मी मधूनच बंद पडलो. दुसऱ्या दिवशीही पडलो. लोकांना वाटते की संगणक रुसतो. आम्हाला रुसता येत नाही. आतली उष्णता ठरावीक मर्यादेच्या वर गेली की जळून खाक होण्यापेक्षा आम्ही स्वतःला बंद करतो, तशी आमची घडणच असते. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते कसे कळावे? नवरा म्हणाला, व्हायरस असेल, आणि त्याने मला पुसून कोरा केला. वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, वीज कमीजास्त होते. नणंदेने फोनवरून निकाल दिला, "फेकून दे गं तो डबा!" शेवटी मला मेकॅनिककडे नेले. त्याने झाकण काढले आणि डोक्याला हात लावला. "अहो, उशी भरता येईल एवढी धूळ आहे आत!" ती त्याने काढली, पंखा बदलला आणि मला दोन दिवस सलग चालवून पाहिले. मी एकदाही थांबलो नाही. खरा दोष धुळीचा होता आणि तो गेला होता.

गोष्ट इथेच संपायची. पण घरात आजोबा होते.

आजोबा, म्हणजे सूनबाईचे सासरे, बत्तीस वर्षे एका कारखान्यात बॉयलर सांभाळत होते. दर अर्ध्या तासाला वाफेचा दाब बघायचा, पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काम उरले नव्हते. मी दुकानातून परत आलो त्या संध्याकाळी त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक मोठी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि जाहीर केले, "आजपासून डब्याची नोंद मी ठेवणार." किती वाजता सुरू, किती मिनिटांनी बंद, खिडकी उघडी की लावलेली, छताचा पंखा चालू की बंद, खोलीत कोण. वही टेबलावर मावेना. तेव्हा पहिली नोंद करून त्यांनी ती मिटली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. जाळीवर ती अशी चपखल बसली की जणू मापे घेऊन शिवली होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. आजोबा नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले आणि वही माझ्या डोक्यावरच राहिली. सूनबाई छान लिहीत होती. एकेचाळिसाव्या मिनिटाला मी बंद पडलो. तिने बटण दाबले, पुन्हा दाबले, पाच वेळा दाबले. मी इतका तापलो होतो की उठायला मला चार मिनिटे लागली. पेपर बंद झालेला होता. ती रडली नाही. समोरचा कच्चा कागद घेऊन तिने त्याची घडी केली, मग आणखी एक घडी, आणखी एक, शेवटी घडी पडेना इतका तो जाड झाला.

"तू काहीतरी भलतंच दाबलं असशील," नवरा म्हणाला. तो वाईट माणूस नाही. बोलून गेला इतकेच. पण त्या दिवसापासून सूनबाई बटणे दाबेनाशी झाली. म्हणजे दाबायची, पण भीतभीत, गरम तव्याला बोट लावून बघावे तशी. अक्षरे सुटू लागली, वेग निम्म्यावर आला. दुसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांवर होती आणि रुग्णालयाने जागा तोवरच थांबवून धरली होती.

रोज सराव, रोज आजोबा शेजारी, रोज नोंद. छत्तीस मिनिटे, अडतीस, पस्तीस, चाळीस. प्रत्येक नोंदीनंतर वही पुन्हा माझ्या डोक्यावर. मला बोलता येत असते तर तीन शब्द पुरले असते: वही खाली ठेवा.

मेकॅनिकला घरी बोलावले. आजोबांनी मोठ्या अदबीने वही उचलून त्याच्या हातात दिली.

"काका, हे तुम्ही लिहिलंत? असं रेकॉर्ड आमच्या दुकानातसुद्धा कुणी ठेवत नाही."

"वाचा ना, वाचा. सगळं आहे त्यात. घाई करू नका."

त्याने घाई केली नाही. पन्नास मिनिटे तो वही मांडीवर घेऊन वाचत बसला आणि ती सगळी पन्नास मिनिटे मी सुरळीत चालत राहिलो. शेवटी तो उठला. "वहिनी, याला काही झालेलं नाही. माझ्यासमोर तर गुणी बाळासारखा बसलाय."

"म्हणजे माझ्याच हाताला काहीतरी आहे," सूनबाई हळूच म्हणाली. ते कोणी मनावर घेतले नाही. मेकॅनिक गेल्यावर आजोबांनी लिहिले, 'मेकॅनिकसमोर बंद पडला नाही', आणि वही जागेवर ठेवली. छत्तीस मिनिटांनी मी बंद पडलो. घरातल्या सगळ्यांनी हात टेकले.

मग आजोबांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले. त्यासाठी ते तीन दिवस लेकीकडे राहायला गेले. वहीशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून ती पिशवीत घालून नेली, आणि जाताना बजावले, "सूनबाई, तू चिठ्ठीवर लिहून ठेव गं. आल्यावर मी उतरवून घेईन." तिने तीन दिवस तीन-तीन तास सराव केला आणि तीन चिठ्ठ्या लिहिल्या. परत आल्यावर आजोबा एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन चिठ्ठ्या उतरवायला बसले. पहिल्या दिवशी बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही.

त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी मागची पाने चाळली. 'खोलीत कोण' या रकान्यावरून बोट फिरवत ते खाली आले. सून, मुलगा, नात, शेजारी, मेकॅनिक. ते स्वतः कुठेच नव्हते. बत्तीस वर्षे नोंद ठेवणाऱ्याने स्वतःची नोंद कधी केली नव्हती. तशी पद्धतच नसते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, उठले आणि तळहात माझ्या जाळीवर धरला. खालून ऊन वारा येत होता. त्यांच्या हाताला ती ओळख जुनी होती.

"अरे देवा," ते म्हणाले, "मी तर चिमणीवर झाकण घालून बसलोय."

त्या दिवशी सूनबाई बाजारात गेली होती. त्यांनी माझ्यावर वही ठेवली आणि घड्याळ लावले. सदतीस मिनिटांनी मी बंद पडलो. वही काढली, तासभर चाललो. पुन्हा ठेवली, छत्तीस मिनिटे. एकदा केलेल्या गोष्टीला ते नोंद मानत नाहीत.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. वही ड्रॉवरमध्ये गेली की मी बरा. परीक्षा चार दिवसांवर होती. 'डबा सुधारला एकदाचा' असे सगळे म्हणाले असते आणि कोणाला काही कळले नसते. हे आजोबांनाही समजत होते. त्यांनी वही ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर लावला आणि त्याची मूठ हातात धरून ते बराच वेळ तसेच बसले. मग त्यांनी वही परत बाहेर काढली. शेवटी एक नवा रकाना आखला, त्याला 'कारण' असे नाव दिले आणि खाली लिहिले: 'वही. ठेवणारा मी. परीक्षेच्या दिवशीही.'

सूनबाई पिशव्या घेऊन आत आली.

"जरा बस गं. हे वाच."

तिने उभ्यानेच वाचले. पुन्हा वाचले.

"तुझी परीक्षा या डब्यानं नाही घालवली," आजोबा म्हणाले. "तूही नाही. मी घालवली."

ती खाली बसली. "बाबा, इतके दिवस मला वाटतंय की माझ्याच हातून झालं. हातच उचलत नव्हता माझा. स्वप्नातसुद्धा बटणं दिसत होती मला."

"दिसलं मला ते. पण मी आपला मिनिटं मोजत होतो."

"मला राग आलाय बाबा. खरंच आलाय."

"येऊ दे."

"आज मी तुमच्याशी बोलणार नाही."

"चालेल. पण सरावाला बस. आणि जोरात दाब बटणं. ती तुटली तर मी नवी आणीन."

त्या दिवशी ती खरोखरच त्यांच्याशी बोलली नाही. पण सरावाला बसली. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने "साखर बरोबर आहे ना?" एवढे विचारले, आणि आजोबांनी कप खाली ठेवून आधी डोळ्याची पट्टी सारखी केली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी आजोबा जिन्यात जाऊन बसले. खोलीत आम्ही दोघेच होतो. पस्तिसाव्या मिनिटापासून सूनबाईची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जाऊ लागली. चाळिसाव्या मिनिटाला तिची बोटे थांबली. एकेचाळिसावे मिनिट आले आणि गेले. तिने एक मोठा श्वास घेतला आणि मग बटणे अशी बडवायला सुरुवात केली की टेबल हलू लागले. माझ्या आयुष्यात मला इतके कोणी बडवले नव्हते. पुढे तीन तास पुरे झाले, तिने शेवटचे उत्तर पाठवले आणि मला रीतसर बंद केले. ती जिन्याकडे पळाली. तिथे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. निकाल लागल्यावर मात्र ती रोज सकाळी साडेसातला घरातून निघू लागली.

मित्रांनो, आमच्या जाळीवर काही ठेवू नका, पाठीमागे वीतभर जागा सोडा, वर्षातून एकदा धूळ काढा. हे तुम्हाला कोणताही मेकॅनिक सांगेल. मला आणखी एक सांगायचे आहे. घरात काही बिघडले की 'कोणी केले?' असे विचारतात, आणि ज्याचा हात शेवटी लागला तो बिचारा गप्प बसतो. मनातल्या मनात स्वतःला बोल लावत राहतो. चूक तुमची आहे हे तुम्हाला कळले असेल, तर ती गुपचूप दुरुस्त करून ड्रॉवर लावून टाकू नका. त्या माणसाकडे जा आणि त्याला सांगा. मला पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक होते, पण तोंड नव्हते. तुम्हाला आहे.