उभी कापलेली सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धीच सतरंजी. पण निम्मं अंग गेलं म्हणून आठवणी निम्म्या होत नाहीत, तेव्हा जरा बसा.

माझा जन्म पाचोड गावचा. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा चाळीस घरं होती. चर्चमध्ये बाकं नव्हती. ठरलं, की प्रत्येक घरानं एक जुनं लुगडं किंवा धोतर द्यायचं. पाचोडच्या विणकरानं त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि उभ्या सुतात आडव्या विणल्या. माझ्या मधोमध आशाबाईंचं हिरवं लुगडं आलं आणि त्याला लागून त्यांच्या धाकट्या जावेचं, भामाबाईंचं, जांभळं. पुढं चाळीस वर्षं दोघी त्याच पट्ट्यांवर शेजारी बसल्या. उपदेश लांबला की एकमेकींना कोपरानं जागं करायच्या.

मग भांडण निघालं. गाणी पेटी-तबल्यावर म्हणायची की कीबोर्डवर? भामाबाईंचा नातू प्रणय कीबोर्ड वाजवायचा. पाळक शांतवन यांना पेटीच हवी होती. देवाला दोन्ही ऐकू येत असावं, असं मला आपलं वाटतं. बसलेल्यांना मात्र एकमेकांचं ऐकू येईना. निम्मी घरं उठली आणि दोन गल्ल्या सोडून त्यांनी हॉल भाड्यानं घेतला. नातवामागं भामाबाईही गेल्या.

वाटणीत माझी पाळी आली. मला रुंदीत आडवं कापलं तर कुणाचं ना कुणाचं लुगडं पलीकडं जाणार. त्यावर दोन तास वाद झाला. शेवटी कमिटीनं अक्कल लढवली आणि मला लांबीत उभं कापलं. प्रत्येक घराची पट्टी दोन्हीकडं निम्मी निम्मी. वाटणी चोख झाली. फक्त मी इतकी अरुंद झाले, की दोन्हीकडच्या लोकांचे गुडघे गार फरशीवर आले. शिवाय उभ्या कापलेल्या कडेनं आडव्या पट्ट्या सुटायला लागल्या. आपण चाळीसही घरं कापली, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला फार लागलं, पण सतरंजीला कोण विचारतं?

दोन वर्षं गेली. जावा रस्त्यात भेटल्या, तरी 'जय ख्रिस्त' म्हणायच्या राहून गेल्या.

गेल्या महिन्यात प्रार्थना चालू असताना हिरवी पट्टी सुटून आशाबाईंच्या हातात आली. त्या बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. उपासना संपल्यावर त्यांनी मला गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि थेट त्या हॉलमध्ये नेलं. तिथं गाणं चालू होतं. माझ्या दुसऱ्या अर्ध्यावर भामाबाई बसल्या होत्या. आशाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, मला त्याला लागून पसरलं आणि पिशवीतून दाभण काढलं.

"भामे, तुझी कड हिकडं घे."

"जाऊबाई, पाळकसाहेबांना इचारलं का?"

"नाय. तू गेलीस तवा मला इचारलं व्हतं का?"

मोतीबिंदूमुळं भामाबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी माझ्यावर हात फिरवत आपली जांभळी पट्टी शोधली. सापडली तेव्हा त्या रडल्या.

जाड शिवण घालायची तर दोन्ही अंगांनी कुणीतरी ताणून धरावं लागतं. आशाबाई प्रणयला म्हणाल्या, "ते वाजवायचं ऱ्हाऊ दे. आजीकडनं धर." त्यानं धरलं.

एवढ्यात मला शोधत पाळक शांतवन दारात आले. चेहरा रागावलेला होता. आशाबाईंनी मान वर केली नाही.

"पाळकसाहेब, ह्या अंगाला धरायला कुणी नाय."

त्यांनी दारातच चपला काढल्या. मग ते प्रणयच्या समोर बसले आणि माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

त्या दिवशी वीतभर शिवण झाली. आता दर रविवारी दोन्ही उपासना संपल्या की वीतभर होते. पेटी आणि कीबोर्डचं अजून काही ठरलेलं नाही. भामाबाईंचे डोळे आहेत तोवर मी पुरी व्हावी, एवढंच माझं मागणं आहे. वाटेनं जाताना दार उघडं दिसलं तर आत या आणि कड धरा. पुढं कधी माझ्यावर बसलात, तर मधली शिवण टोचेल. टोचली तरी सरकून लांब बसू नका.