राजेंना धड मरता यावं म्हणून

वहिनींनी राजेंच्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि त्यांना परत खुर्चीत खाली ओढलं.

"बसा हो! मागच्यांना दिसत नाही."

"मलाच बघायला आलेत ना?" राजे म्हणाले. "मग दिसतोय की."

दिवे अजून मालवायचे होते. सिनेमाचं थेटर खच्चून भरलं होतं आणि नेमकं त्यानेच राजेंच्या पोटात दुखत होतं. रस्त्यापलीकडे त्यांच्या नाटक कंपनीच्या नाट्यगृहाला गेल्या हंगामापासून कुलूप होतं. शेवटच्या प्रयोगाला तर समोरच्या प्रेक्षकांपेक्षा रंगमंचावरचे पहारेकरीच जास्त होते.

राजे काही खरे राजे नव्हेत. उभ्या जन्मात राजाखेरीज दुसरी भूमिका केली नाही, म्हणून कंपनीने ठेवलेलं नाव. आणि प्रत्येक नाटकात ते मरायचे. मरायचे म्हणजे साधंसुधं नव्हे हो! खंजीर लागला की आधी भाषण, मग झोकांड्या खात रंगमंचाला फेरी, मग उरलेलं भाषण, मग धाडकन आडवे. लोक 'वन्समोर' ओरडायचे. मेलेले राजे उठून मुकुट सारखा करायचे आणि पहिल्यापासून मरायला लागायचे.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपडेपट सांभाळायच्या. पण त्यांचं खरं काम ह्या मरणाच्या वेळचं. डाव्या विंगेतून एक जाड गादी सिंहासनाच्या आडून राजे पडणार तिथे सरकवायची. पडण्याआधी राजे क्षणभर मान वळवून विंगेत बघायचे. वहिनी दिसल्या, गादी दिसली, की निर्धास्त मरायचे. तोंड तिकडे वळलेलं, त्यामुळे ती नजर प्रेक्षकांना कधी दिसली नाही.

कंपनी बंद पडल्यावर राजे घरी बसले. घरी कसले, वहिनींच्या डोक्यावर बसले. मीठ कमी पडलं की राजद्रोहाचा आरोप, दूधवाला उशिरा आला की त्याला अभयदान. एवढं वहिनींनी सोसलं असतं. पण हल्ली आरोपही बंद झाले होते. खिडकीशी नुसते गप्प बसायचे, आणि ते मात्र वहिनींना बघवत नव्हतं.

तशात एका सिनेमावाल्या दिग्दर्शकाने त्यांना म्हाताऱ्या राजाची छोटीशी भूमिका दिली. नाक मुरडत का होईना, राजेंनी केली. "लोकांना आवडलात तर पुढच्या चित्रातही तुम्हीच," दिग्दर्शक म्हणाला होता. "नाही आवडलात, तर मग बघू." बघू म्हणजे खिडकी, हे वहिनींना पक्कं कळलं होतं. म्हणून आज त्या पहिल्या रांगेत, पडद्याकडून बघितलं तर डाव्या टोकाला, जीव मुठीत धरून बसल्या होत्या. मागे कंपनीची सगळी मंडळी आली होती.

दिवे गेले. चित्र मुकं होतं, माणसं नुसते ओठ हलवायची. बऱ्याच वेळाने राजे पडद्यावर आले, आले तसा त्यांना खंजीर लागला. तोंड उघडलं आणि आवाजच नाही!

"माझं भाषण?" राजे कळवळले. "अगं, माझ्या झोकांड्या कुठे गेल्या?"

सगळं कापलं होतं. उरलं होतं एवढंच, की घायाळ राजा डावीकडे मान वळवतो आणि बघतो. भिंतीएवढा चेहरा. डोळे कुणालातरी शोधताहेत. जिला शोधताहेत ती तिथे नाही, हे त्यांना कळतं. आणि मग तो पडतो.

वहिनींच्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मागून नाकं शिंकरल्याचे आवाज आले. वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या.

अगंबाई! हे तर गादी शोधताहेत!

शूटिंगला त्या गेल्याच नव्हत्या. कपडे बघायला सिनेमावाल्यांची आपली माणसं होती. विंग असायची त्या जागी तिथे कॅमेरा ठेवलेला.

"वन्समोर!" मागून कंपनीची मंडळी सवयीने ओरडली.

झालं! कोटाचं टोक वहिनींच्या मुठीतून सुटलं. राजे पडद्याखाली जाऊन उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि राहिलेलं भाषण खड्या आवाजात सुरू केलं. वर चित्र चालूच. राजपुत्राने सूड घेतला, लग्न केलं, त्याला मूलसुद्धा झालं, तरी खाली राजे मरतच होते. लोक आधी चिडले, मग शिट्ट्या मारायला लागले.

शेवटी एकदाचं राजेंनी डावीकडे बघितलं. तीच नजर. वहिनींनी विचारबिचार न करता खुर्चीवरची गादी उपसली आणि पुढे सरकवली. राजेंच्या डोळ्यांतली भीती क्षणात गेली आणि ते मजेत, ऐसपैस आडवे झाले. मघाशी रडणारी शेजारीण आता पोट धरधरून हसत होती.

वहिनी हसल्या नाहीत. त्या एकदा त्या बाईकडे बघत होत्या, एकदा गादीकडे.

बाहेर दिग्दर्शक धावतच आला.

"राजे, पुढचं चित्र तुमचंच! काय बघितलंत हो मरताना! लोक त्या नजरेसाठी परत येणार. कुणाला शोधत होतात?"

"मी?" राजे गोंधळले. "मी कशाला कुणाला शोधू? मी तर भाषण करत होतो, ते तुम्ही..."

"मरताना ते बघतातच तसे," वहिनी घाईने मध्ये पडल्या. "पुढच्या वेळीही बघतील."

राजेंची मान ताठ झाली. कितीतरी दिवसांनी वहिनींनी ती तशी बघितली.

"करतो," ते म्हणाले. "पण एक अट. ही माझ्याबरोबर येणार. माझ्या डाव्या हाताला उभी राहणार. हिच्याशिवाय मला धड मरता येत नाही."

"एवढंच ना? वहिनींसाठी खुर्ची टाकू की!"

वहिनींना एकदम भरून आलं. ह्या माणसाने रंगमंचावर कितीक राण्यांची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली होती. घरातल्या बायकोबद्दल चार लोकांत बोलण्याची ही पहिलीच वेळ. जावंसं वाटलं. फार वाटलं. पण त्या दिसल्या की राजे निर्धास्त, मग ती नजर कुठली?

"मी नाही यायची," त्या म्हणाल्या.

"का?"

"घरी कामं पडलीत."

"अगं, पण मग मी बघायचं कुणाकडे?"

"बघा की तिकडेच," वहिनी म्हणाल्या, आणि राजेंच्या पाठीमागे जाऊन त्यांच्या कोटाला लागलेली धूळ जरा जास्तच जोराने झटकायला लागल्या.